डॉक्टर होण्याची पहिली अट : इंग्रजी

१) आज रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची परीक्षा द्यावी लागते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र या वाटेवर सर्वांत मोठा अडसर होता तो भाषेचा.

२) प्रारंभी तो नव्हता. १८२६ मध्ये मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा सुरू झाली. तेथे देशी भाषांतून शिकवीत. १८३२ मध्ये ती बंद पडली.

३) पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची कल्पना मांडली. १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले. १८४५ मध्ये त्यांच्याच नावाचे ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. प्राचार्य होते डॉ. चार्ल्स मोरहेड. व्याख्याने, ग्रंथ, परीक्षा सारे इंग्रजीत. म्हणून इंग्रजी येणाऱ्यालाच दार खुले.

४) असे तरुण मुख्यतः एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घडत. भाऊ दाजी लाड तेथे अध्यापन करीत होते. ते सोडून ते येथे विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते आणि आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते.

५) आता रत्नागिरीकडे पाहू. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक येथे मराठी शाळेत शिक्षक होते. त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तक लिहिण्याइतका त्यांचा अधिकार होता. परंतु अशा गुरूकडे मराठीतून गणितात पारंगत झालेल्या मुलालाही केवळ त्या बळावर ग्रँटमध्ये प्रवेश मिळणे शक्य नव्हते.

६) १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. वैद्यकीय पदवीची वाटही आता मॅट्रिकवरून जाऊ लागली. त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत न्या. रानड्यांसह रा. गो. भांडारकर होते. भांडारकर रत्नागिरीत शिकून १८५३ मध्ये मुंबईला गेले होते. पुढे तेच रत्नागिरी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मॅट्रिकची तयारी आता गावातच होऊ लागली.

७) १८६० च्या दशकात ग्रँट कॉलेजातच मराठी वर्ग निघाला. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे अध्यापक तेथे मराठीतून वैद्यक शिकवीत. त्यासाठी मराठी पाठ्यपुस्तकेही लिहिली गेली. मात्र या वर्गातून बाहेर पडणारा ‘हॉस्पिटल असिस्टंट’ होई. पदवीधर डॉक्टरचा दर्जा त्याला नव्हता.

८) ही बाब विशेष विचारात घेण्याजोगी आहे. वैद्यक मराठीत शिकवता येते, हे त्याच इमारतीत सिद्ध झाले होते. तरीही इंग्रजीतून शिकलेला डॉक्टर झाला आणि मराठीतून शिकलेला त्याचा मदतनीस.

९) २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबईचे अंतर मिटले. शिक्षणाची भाषा मात्र अजून इंग्रजीच आहे. म्हणून प्रवेशाचे नियम वाचताना केवळ कोणाला आत घेतले हे पाहू नये. कोणाची विद्या उंबरठ्याबाहेर राहिली, हेही विचारावे.