छप्पर नसलेला ट्रॅक

नवीन पोस्टिंगवर पोचलो की पहिल्या रविवारी पायी गाव बघायचं, ही माझी जुनी सवय. २००८ च्या हिवाळ्यात आमचं युनिट पंजाबात आलं, तेव्हाही नाष्टा करून मी असाच बाहेर पडलो. धुकं इतकं की समोरून येणारी सायकल घंटी वाजल्यावरच कळायची. एका मोठ्या आवाराची भिंत एका जागी पडलेली होती. तिथून आत शिरलो, चढ लागला. चार पावलं वर गेलो तर पुढे जमीनच नाही. खाली एक भलीमोठी सिमेंटची कढई. मधल्या गवतात म्हशी चरत होत्या आणि कढईच्या उतारावर कोणीतरी ओळीने गोवऱ्या थापून ठेवल्या होत्या.

तो व्हेलोड्रोम होता, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. असे ट्रॅक देशात बरेच आहेत आणि दोष एकट्या त्या जागेचा नव्हता.

आपल्याकडे जत्रेत ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिलाय त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. सपाट रस्त्यावर जोरात वळलं तर सायकल बाहेर फेकली जाते. म्हणून ट्रॅकच्या वळणांवर जमीन बाहेरच्या बाजूने उचललेली असते. वेग असला की तीच जमीन सायकलला धरून ठेवते, फार हळू गेलात तर मात्र चाक खाली घसरतं. जुने उघड्यावरचे ट्रॅक बहुतेक ३३३.३३ मीटरचे, तीन फेऱ्यांचा एक किलोमीटर. ही लांबी मोजतात ती आतल्या कडेजवळच्या काळ्या रेषेवर. या सायकलीला ब्रेक नसतो आणि मागचं चाक फिक्स असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मध्येच थांबायची सोय नाही.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि कंपनीच्या खेळांचं काम माझ्याकडे होतं. आमच्यात बिकानेरकडचा एक शिपाई होता. बोलायला लाजाळू, पण ट्रंकेबरोबर चुलत्याची जुनी ट्रॅक सायकल घेऊन आलेला. मार्चमध्ये सर्व्हिसेसच्या संघाची निवड चाचणी होती. मी त्याला ती कढई दाखवली. पोरगा बूट काढून आत उतरला आणि उतारावर तळहात फिरवत राहिला. "साब, इसको झाडू मारेंगे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पीटीच्या आधी झाडू घेऊन जायला लागलो. आवाराचा चौकीदार एक म्हातारा सरदार होता. पहिले दोन दिवस त्याने आम्हाला हटकलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हशी बाहेर काढल्या. गोवऱ्या त्याच्याच घरच्या निघाल्या! शर्यती व्हायच्या तेव्हा शेवटच्या फेरीची घंटा तो वाजवायचा, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या वळणावर सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला सांधा उघडा पडला होता. बोटभर रुंद आणि दोन-तीन हात लांब. आडवी भेग असती तर चाक उडून पुढे गेलं असतं. ही सायकलच्या दिशेनेच गेलेली होती आणि ट्रॅकचा टायर जेमतेम बोटभर रुंद. मी ती पाहिली. खडूने गोल केला आणि पोराला सांगितलं, "इथून वर राहा." चाचणीला तीन आठवडे होते आणि ट्रॅक बंद ठेवायची माझी तयारी नव्हती.

नऊ दिवस तो वर राहिला. दहाव्या दिवशी मी घड्याळ लावलं. घड्याळ लावलं की पोरगा काळी रेषा धरणार, हे मला कळायला हवं होतं. चाक भेगेत गेलं आणि तो कढईच्या तळाशी येऊन थांबला. कॉलर बोन मोडलं. सर्व्हिसेसची चाचणी गेली. एमआय रूममधून मिलिटरी हॉस्पिटलला नेताना गाडीत तो मलाच म्हणत होता, "गलती मेरी है साब." गलती त्याची नव्हती, हे मी त्याला त्या दिवशी सांगू शकलो नाही.

पुढचे काही आठवडे मी सायकलच्या ट्रॅकबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय संघटना १९४६ मध्ये उभी राहिली. मुंबईचे सोहराब भूत आणि पुढे हिंदी सिनेमात चरित्र भूमिका करणारे जानकीदास यांची ती खटपट. दोनच वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू पहिल्यांदा उतरले. ट्रॅकच्या शर्यती हर्न हिल या १८९१ मध्ये बांधलेल्या उघड्या ट्रॅकवर झाल्या. दिव्यांची सोय नव्हती, शेवटच्या शर्यती तर अंधुक उजेडात उरकाव्या लागल्या. आपल्या संघात मुंबईचे पारशी भरपूर होते. रोहिंटन नोबल, रुसी मुल्ला फिरोझ ही त्यातली नावं. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यातही सायकलिंग होतं. १९५२ च्या हेलसिंकीच्या यादीत नेताई बैसाक यांच्यासारखी बंगाली नावं दिसतात. १९६४ च्या टोकियोत अमरसिंग, दलबीरसिंग, सुच्चासिंग, चेतनसिंग. मुंबईहून बंगाल आणि बंगालहून पंजाब, असा हा खेळ सोळा वर्षांत सरकत गेला.

टोकियोनंतर आजपर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेलेला नाही. टोकियोची ट्रॅक शर्यत हाचिओजी इथे तात्पुरत्या बांधलेल्या ट्रॅकवर झाली होती. स्पर्धा संपल्यावर तो मोडून टाकला आणि तिथे आता बाग आहे. म्हणजे जिथे आपण शेवटचं ऑलिंपिकचं चाक फिरवलं ती जमीनही उरली नाही.

आपल्याकडचे ट्रॅक कोणी मोडले नाहीत. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत यमुना व्हेलोड्रोम झाला. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ज्या राज्यात गेल्या तिथे कढया उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये आपल्या पुण्यात बालेवाडीला झाली, १९९९ मध्ये इंफाळला खुमान लंपकमध्ये. स्पर्धेचे पंधरा दिवस झेंडे, बँड, पाहुणे. त्यानंतर ऊन, पाऊस आणि पिंपळाचं रोप. सिमेंट उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, त्यासाठीच पट्ट्यांमध्ये सांधे ठेवलेले असतात. सांध्यातलं भरण गेलं की पाणी आत शिरतं, खालची माती वाहून जाते, पट्टी खचते.

तेवढ्यात जगही बदललं. १९८४ चं लॉस एंजेलिस आणि १९८८ चं सोल या ऑलिंपिकच्या ट्रॅक शर्यती उघड्यावरच झाल्या. २००० च्या सिडनीपासून मात्र सगळं छपराखाली, लाकडी, २५० मीटरच्या ट्रॅकवर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीतही तसा ट्रॅक झाला आणि त्याचा उपयोगही झाला. २०१९ मध्ये जर्मनीत अंदमानचा एसो अल्बेन आणि मणिपूरचे रोनाल्डो सिंग व रोजित सिंग यांनी ज्युनियर जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण आणलं. २०२२ मध्ये रोनाल्डोने दिल्लीतल्याच आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं. म्हणून छपराला माझा विरोध नाही. पण बिकानेरकडच्या पोराने पहिली फेरी कुठे मारायची?

हर्न हिलचं पुढे काय झालं ते इथे सांगायला हवं. २००५ मध्ये भाडेपट्ट्याचा घोळ होऊन तो ट्रॅक बंद पडायची वेळ आली. आसपासच्या सायकलवाल्या लोकांनी स्वतः पुढे होऊन तो चालू ठेवला, २०११ मध्ये नवा पृष्ठभाग घातला गेला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला सुवर्ण जिंकणारा ब्रॅडली विगिन्स लहानपणी पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो याच ट्रॅकवर. ऑलिंपिकसाठी नवा बंदिस्त ट्रॅक बांधला होताच, पण जुन्याची गरज संपली नव्हती.

पोरगा सुट्टीवरून परत आला तेव्हा आम्ही भेग भरायला घेतली. मी सिमेंट आणलं होतं. म्हातारा सरदार हसला. "फौजी, सिमेंट दोन महिन्यांत उखडेल. सांध्याला हलायला जागा लागते. पूर्वी दर उन्हाळ्याआधी आम्ही डांबर भरायचो." मग डांबर तापवलं, बारीक वाळू मिसळली, करणीने दाबून भरलं. एका रविवारचं काम. पडण्याच्या आधी केलं असतं तरी एकच रविवार लागला असता. त्या दिवशी, डांबराचे हात रॉकेलने पुसताना, मी पोराला सांगितलं की चूक माझी होती. तो काही बोलला नाही. सायकल घेतली आणि काळ्या रेषेवरून एक फेरी मारून आला.

सर्व्हिसेसच्या संघात तो कधी पोचला नाही. पुढच्या वर्षी आमचं युनिट डोंगरात गेलं, तिथे सायकल कुठली! आता तो हवालदार आहे. सुट्टीवर गेला की गावाजवळच्या ट्रॅकवर मुलांना शिकवतो. मध्यंतरी फोन आला तेव्हा मी विचारलं, "ट्रॅक कसा आहे रे?"

"पुराना है साब," तो म्हणाला. "लेकिन बच्चों को पहले झाडू देता हूँ, बाद में साइकिल. और सांधा मैं खुद देखता हूँ."