झाड नेमके काय ऐकवते?

जिवंत झाडाला तार जोडायची, रेडिओयंत्राला द्यायची आणि जे ऐकू येईल ते श्रोत्यांना ऐकवायचे, हा आता कलेचा एक प्रकार झाला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, झाड बोलते आहे. या प्रकाराचे मूळ मात्र लष्करी छावणीत सापडते.

१९०४ साली कॅलिफोर्नियातील एका लष्करी सरावात मेजर जॉर्ज स्क्वायर यांच्या तारयंत्राला कोरड्या जमिनीत 'अर्थ' नीट मिळेना. त्यांनी निलगिरीच्या खोडात खिळा ठोकून तार जोडली आणि संदेश चांगले येऊ लागले. खोडातील रसात क्षार असतात, त्यामुळे तो वीज वाहून नेतो. शिवाय मुळे ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात. १९१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून नवलाचे होते. निर्वात नळ्यांचे प्रवर्धक जोडल्यावर अमेरिकेतील झाडांवर युरोपातील केंद्रांचे संदेश मिळाले होते! (याच स्क्वायर यांनी पुढे दुकाना-कचेऱ्यांत तारेने संगीत पुरवणारी 'म्यूझॅक' ही सेवा काढली.) आपल्याकडे १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला, तो खडकी आणि दौंड येथील खास केंद्रांतून. झाडाचा अँटेना तेवढ्या भरवशाचा नव्हता.

आता आवाजाकडे वळू. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या आणि नंतर वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद मोजले. ही दोन कामे एकाच माणसाची असली, तरी त्यातील संकेत निराळे आहेत. वनस्पतीचा प्रतिसाद काही मिलिव्होल्टचा आणि कित्येक सेकंद रेंगाळणारा. तो तसाच कानाला ऐकू येणार नाही. रेडिओलहरीची कंपने सेकंदाला लाखोंच्या घरात. म्हणजे तारेतून गाणे आले, तर ते प्रक्षेपण केंद्राचे. झाड तेथे फक्त वाहक.

नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात हा प्रयोग केला, तर झाडाच्या आधी विजेचाच आवाज येईल. संवेदनक्षम प्रवर्धकाला ५० हर्ट्झची घरघर मिळेल आणि उच्च दाबाच्या तारांजवळ मध्यम लहरींवर खरखर वाढेल, दमट हवेत अधिकच. कलावंताने ती घरघर खुशाल ऐकवावी, पण तिला झाडाचे मनोगत म्हणू नये.

वर्गात पडताळायचे असेल, तर वीजवाहिन्यांपासून दूर, पाऊस व विजा नसताना, तीच तार आधी झाडाला आणि मग तितक्याच उंचीच्या वाळलेल्या बांबूला गुंडाळून ऐकावे. खिळा मात्र ठोकू नये. १९७२ च्या सुमारास पनामाच्या जंगलात अमेरिकी सैन्याने झाडांचे अँटेना वापरले, तेव्हा खोडाभोवती वेटोळे घालूनच काम भागले होते.