दुर्गाघाटाची विद्या आणि कोसंबींची वाट

इंग्रजी विद्येच्या पूर्वी मराठी मुलखातील विद्यार्थी घर सोडून दूरदेशी जाई तो बहुधा काशीस. नव्यन्यायाच्या ओढीने कोणी नवद्वीप गाठीत असे. व्याकरण, मीमांसा, धर्मशास्त्र यांसाठी मात्र काशीच. पैठणहून सोळाव्या शतकात तेथे गेलेल्या भट्ट घराण्यात ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट आणि १६७४च्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट झाले, ‘परिभाषेन्दुशेखर’ रचणारे नागोजीभट्ट आडनावाने काळे. परमुलखात ज्याच्या पायाशी बसावयाचे तो गुरू अनेकदा आपल्याच भाषेचा असे.

या विद्येला निवाराही होता. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी दुर्गाघाट बांधविला. त्याच्या आणि शेजारच्या ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी वस्ती स्थिरावली. अध्यापनास शुल्क नव्हते, पोटासाठी अन्नछत्रे होती. काशीच्या विद्यावैभवाचे गोडवे गाताना हा भाग सहसा वगळला जातो; वास्तविक निर्धन विद्यार्थ्याची दिशा गुरूच्या कीर्तीइतकीच छत्राच्या पंगतीनेही ठरे.

तथापि जे हवे ते काशीत नसेल तर? धर्मानंद कोसंबींपुढे हाच प्रश्न होता. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींना मराठीतून वाचलेल्या बुद्धचरित्राने झपाटले होते. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. (पोर्तुगीज अमलातील गोमंतकीयास पुणे हाही परका मुलूखच.) तेथून ग्वाल्हेरमार्गे काशीस जाऊन, अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्रात या दिवसांच्या हालअपेष्टा आहेत. आत्मगौरव जवळपास नाही, हे त्या ग्रंथाचे मोठेपण.

काशीने त्यांना संस्कृत दिले. ज्या धर्मासाठी ते घराबाहेर पडले होते त्याचे प्रथम प्रवचन झाले ते सारनाथ दुर्गाघाटापासून काही कोसांवर. परंतु त्या धर्माच्या पाली ग्रंथांना काशीच्या पारंपरिक पाठशाळांत स्थान नव्हते. जी विद्या नगराच्या वेशीशी जन्मली तिच्यासाठी नेपाळ, बोधगया, कलकत्ता असा फेरा घेऊन १९०२ मध्ये त्यांना सिंहलद्वीपाला जावे लागले. तेथे कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांचे पालीचे अध्ययन झाले; पुढे ब्रह्मदेशही झाला. पदवी वा नोकरी यांचा या प्रवासाशी संबंध नव्हता, आणि घरच्यांनी सोसलेल्या वियोगाचे मोल कोणत्याही पांडित्याने फिटणारे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

हाच विद्यार्थी १९१० मध्ये हार्वर्डला गेला तो शिकण्यासाठी नव्हे. हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या मृत्यूमुळे अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी तेथील विद्वानांना पाली जाणणारा माणूस हवा होता. तो ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १९५० साल उजाडले. कोसंबी १९४७ मध्येच निवर्तले होते.