पत्र्याची कोंबडी, लोखंडी मेंढा

एअरगन म्हटलं की मला जत्रेतले फुगेच आठवतात. लोखंडी प्राण्यांवरची नेमबाजी मात्र मेक्सिकोची. तिथे पूर्वी सणासुदीला खरेच प्राणी लांबवर बांधून ठेवत. ज्याच्या गोळीने पहिलं रक्त निघेल तो जिंकला. जनावर किती वेळ तडफडलं, ते कोण मोजतो!

१९४८ साली मेक्सिको सिटीत गोन्झालो आगिलार यांनी पोलादी आकृत्यांवर स्पर्धा घेतली. कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५, मेंढा ५००. आता पत्र्यातून रक्त कुठून येणार? इथे गोळी नुसती लागून भागत नाही, आकृती पडली पाहिजे.

एअरगनवाल्यांनी हेच प्राणी एक दशांश आकाराचे केले. अंतरं २०, ३०, ३६ आणि ४५ यार्ड. परसात मात्र दर वेळी जाऊन मेंढा उभा कोण करणार? त्यापेक्षा दांडीला टांगलेलं टार्गेट बरं, टण्ण वाजतं, झुलतं आणि आपोआप जागेवर येतं. (छर्रे शिशाचेच घ्या, आणि गॉगल लावा. स्टीलचे गोल छर्रे उलटे तोंडावर येतात.)

आणि हो, मेंढ्याला या खेळात अजूनही 'बोर्रेगो'च म्हणतात, कोंबडीला 'गायीना'.