वैराग्यशतक

वैराग्यशतक : धन, विषयसुख आणि राजदरबारातला मान यांच्यामागे धावण्यातली व्यर्थता सांगणारा संस्कृत मुक्तकसंग्रह. भर्तृहरीच्या नावावर असलेल्या शतकत्रयीपैकी हा एक. नीतिशतक व शृंगारशतक ही उरलेली दोन. मुक्तकात प्रत्येक श्लोक स्वतंत्र असल्याने पुढच्या काळात भर घालणाऱ्यांना मोकळे रान मिळाले. परिणामी नाव ‘शतक’ असले तरी श्लोकसंख्या पोथीगणिक बदलते.

कवीचा काळ निश्चित नाही. चिनी यात्रेकरू इत्सिंग याने सातव्या शतकाच्या अखेरीस भर्तृहरी नावाच्या वैयाकरणाची हकिकत नोंदवली आहे. हा माणूस सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. मात्र ‘वाक्यपदीय’ लिहिणारा वैयाकरण भर्तृहरी साधारण पाचव्या शतकातला मानला जातो, आणि तो व हा कवी एकच की काय याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. लोककथेत भर्तृहरी उज्जैनचा राजा आहे. त्याने राणीला दिलेले अमरफळ राणीकडून तिच्या प्रियकराकडे, त्याच्याकडून गणिकेकडे आणि तिच्याकडून पुन्हा राजाकडे येते, तेव्हा तो राज्य सोडतो. महाराष्ट्रात तो नवनाथांपैकी भर्तरीनाथ म्हणून परिचित आहे. मालू नरहरीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (1819) या पोथीत त्याचे आख्यान आहे.

या कथांमुळे वैराग्यशतक म्हणजे भोगून तृप्त झालेल्या राजाचे उद्गार, असा समज पसरला. काव्य वाचले की तो टिकत नाही. इथे बोलणारा माणूस बहुतेक ठिकाणी याचक आहे. एका श्लोकात तो आयुष्यभराच्या खटपटींची जंत्री देतो : पुरलेल्या ठेव्याच्या आशेने जमीन उकरली, डोंगरातले धातू आटवले, समुद्र ओलांडला, राजांची मर्जी राखली, रात्री मसणात बसून मंत्र जपले, हाती फुटकी कवडी लागली नाही. अखेर तो तृष्णेलाच विनवतो की आता तरी मला सोड. दुसऱ्या एका श्लोकात श्रीमंताच्या दारावरचे पहारेकरी सांगतात की ही वेळ नव्हे, मालक एकांतात आहेत, झोपले आहेत. अशा दारापेक्षा जिथे पहारेकरीच नाही त्या विश्वेश्वराच्या दारी जा, असे कवी मनाला सांगतो. ताटकळण्याचा हा अपमान ज्याने सोसला नाही, त्याला हा श्लोक सुचणार नाही. म्हातारपणावरचे श्लोकही असेच अंगावर येतात : चेहऱ्यावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस, गात्रे शिथिल, आणि तरुण होत चालली आहे ती एकटी तृष्णा.

गंगाकाठी, हिमालयातल्या शिळेवर बसण्याचे दिवस कधी येतील, असे कवी पुन्हापुन्हा विचारतो. म्हणजे तो अजून निघालेलाच नाही. वैराग्याच्या उंबरठ्यावरची ही तगमग हेच या शतकाचे खरे बळ आहे. पोहोचलेल्या संन्याशाच्या शांत उपदेशात ती सापडत नाही.

मूळ गोव्याचे गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती 1948 मध्ये सिद्ध केली. बहुतेक पाठपरंपरांना समान असे 200 श्लोक त्यांनी वेगळे काढले. बाकीचे संशयास्पद व प्रक्षिप्त श्लोक त्यांच्या कितीतरी पट भरले. भर्तृहरीच्या वैराग्यावर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिला आणि हे वैराग्य आश्रयदात्यांवर जगणाऱ्या वर्गाच्या वैफल्यातून आले, असे मत मांडले. निदान अचूक आहे. पण त्यावरून हे काव्य पळपुटे ठरवणे अन्यायाचे होईल. नाकारले गेल्याची कटुता लपवून त्यागाचा आव आणणे सोपे होते. या कवीने ती कटुता उघड मांडली.

मराठीत सतराव्या शतकात वामन पंडितांनी तिन्ही शतके पद्यात आणली. त्याच शतकात, 1651 साली, पुलिकत येथे राहिलेल्या अब्राहम रोगेरियस या डच धर्मोपदेशकाचा ग्रंथ लायडनला प्रसिद्ध झाला. त्यात पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाच्या मदतीने केलेले नीती व वैराग्य शतकांचे भाषांतर होते. युरोपीय भाषेत उतरलेल्या अगदी पहिल्या संस्कृत काव्यांत त्याची गणना होते. शृंगारशतक मात्र त्यातून वगळलेले होते.