हातांची मातृभाषा

गोव्यात शिक्षणाच्या माध्यमाचा विषय निघाला की आवाज चढतात. १९९० साली सरकारने प्राथमिक शाळांच्या अनुदानाला मराठी-कोकणीची अट घातली, २०११ मध्ये ती इंग्रजीसाठी सैल केली. दोन्ही वेळा वाद पेटला. मुलाला कळणाऱ्या भाषेत शिकवावे, हे तत्त्व आम्ही तोंडपाठ केले. पण कर्णबधिर मुलाची भाषा कोणती, हे विचारायचे राहून गेले.

या मुलांच्या भाषेवर शिक्षकांनीच बंदी घातली होती. १८८० साली मिलानच्या परिषदेत ठराव झाला की त्यांना खुणांनी नव्हे, बोलून शिकवावे. पाचच वर्षांनी मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा निघाली. ती भारतातली पहिली मानतात. पुढे अनेक दशके आपल्याकडच्या शाळांतूनही ओठ वाचणे आणि उच्चार घोटणे यावरच भर राहिला. वर्गात खुणा करायच्या नाहीत, पण वसतिगृहात मोठी मुले लहानांना त्याच खुणा शिकवीत. भाषा जगली ती तिथे. मिलानचे ठराव त्याच परिषदेच्या परंपरेने व्हँकुव्हरला नाकारले, पण २०१० साली!

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, हे १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवायला सुरुवात केली. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. प्रांतोप्रांती शब्द थोडे बदलतात, व्याकरण मात्र बरेचसे एकच. म्हणजे भोपाळचे आणि फोंड्याचे कर्णबधिर मूल भेटले, तर हिंदी-मराठीचा अडसर त्यांना आपल्याइतका जाणवणार नाही. वांद्र्याला १९८३ मध्ये अली यावर जंग संस्था स्थापन झाली; भोपाळचे समेकित क्षेत्रीय केंद्र तिच्याच देखरेखीखाली आले. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेला जागा आहे, आणि दिल्लीच्या संशोधन केंद्राने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पुरा केला. द्विभाषिक शिक्षणाचा क्रम साधा आहे : आधी हातांची भाषा, मग तिच्या आधाराने लिहिलेली हिंदी वा मराठी.

पण एकट्या कर्णबधिर मुलाने ही भाषा शिकून काय होणार? बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे, शेजारची मुलेही तशीच. हाँगकाँगमध्ये २००६ पासून काही शाळांनी दोन्ही प्रकारची मुले एका वर्गात बसवली. एक शिक्षक ऐकू येणारा, एक कर्णबधिर, आणि भाषा दोन्ही. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तर असे आपोआपच घडले होते. तिथे कर्णबधिर माणसे पिढ्यान्‌पिढ्या बरीच जन्मत, म्हणून ऐकू येणारे शेजारीही हातांनी बोलत. कोण बहिरा, हे कुणी फारसे मनावर घेत नसे.

गोमंतकातली मुले तीन-चार भाषा सहज बोलतात. त्यांना आणखी एक जड जाणार नाही. आठवड्याला एक तास, आणि शिकवायला कर्णबधिर शिक्षक, एवढे तरी आपल्या शाळांनी करावे. मातृभाषेसाठी भांडलेल्या समाजाला हे मागणे परके वाटू नये.