कावळा, मोरपिसे आणि संपादकांस पत्र

चित्रपट पाहून परतताना आपण नटनट्यांविषयी बोलतो, एखादे गाणे गुणगुणतो आणि जेवायला बसतो. १९६५ सालच्या पावसाळ्यात कलकत्त्यात मात्र एका चित्रपटावरून ‘स्टेट्समन’ दैनिकाच्या पत्रव्यवहारात जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाहीर भांडण चालले. भांडणारे नुसते प्रेक्षक नव्हते. एकीकडे सत्यजित राय होते, दुसरीकडे मृणाल सेन. भांडण बंगाल्यांचे आणि भाषा इंग्रजी! दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटू नये. घरातली गोष्ट चारचौघांत न्यायची झाली की माणूस दुसरी भाषा पांघरतो, हे आपण नेहमीच पाहतो.

भांडण पेटले ते सेन यांच्या ‘आकाश कुसुम’वरून. सौमित्र चटर्जी आणि अपर्णा सेन यांचा हा चित्रपट. एक मध्यमवर्गीय तरुण श्रीमंत घरातल्या मुलीसमोर आपणही श्रीमंत असल्याचे सोंग आणतो आणि अखेर ते उघडे पडते, एवढीच कथा. कथालेखक आशिष बर्मन यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून ही कथा आजच्या काळाची असल्याचे मांडले, आणि तिथेच रायसाहेबांनी लेखणी उचलली. त्यांचा सवाल साधा होता. यात आजचे ते काय? मोराची पिसे लावून मिरवणाऱ्या कावळ्याची गोष्ट तर इसापाच्या काळापासून चालत आली आहे. सेन आणि बर्मन यांचे म्हणणे असे की, गोष्ट जुनी असेना, तिच्यातला तरुण आणि त्याला सोंग आणायला लावणारा समाज आजचा आहे. पुढे वाचकही वादात उतरले. पत्रांची धार वाढत गेली. अखेर रायनी कावळ्यावरच फिरकी घेत असा टोला हाणला की हसावे की रागवावे, हे सेन यांच्या चाहत्यांना कळेना. शेवटी संपादकांनी हा पत्रव्यवहार बंद केल्याचे जाहीर केले.

वरवर पाहता हा थोरामोठ्यांचा रुसवाफुगवा वाटेल. पण मुळातला प्रश्न राजकारणाचा होता. मार्क्सवादी विचारांचे, तरी पक्षाचे सभासद कधीच न झालेले सेन चित्रपटाने आपल्या काळावर थेट बोट ठेवावे, या मताचे. राय म्हणत, आधी माणसे खरी उभी राहू देत, काळ आपोआप त्यांच्यामागून येईल. माझा कल रायच्या बाजूला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सेन यांनी तो प्रश्न लावून धरला नसता तर रायनी पुढच्या दहा वर्षांत जे चित्रपट केले, ते तसेच केले असते का, याची मला शंका आहे.

असे भांडण होण्यासाठी भांडणे समजणारे वाचक लागतात. ते घडवले फिल्म सोसायट्यांनी. १९४७ साली राय, चिदानंद दासगुप्ता आणि मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. पुढल्याच वर्षी रायनी भारतीय चित्रपटांचे चुकते कुठे, यावर लेख लिहिला, तोही याच ‘स्टेट्समन’मध्ये. तेव्हा त्यांनी स्वतः एक फूटही फिल्म चित्रित केलेली नव्हती! १९५९ च्या डिसेंबरात सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला. राय अध्यक्ष, आणि सहचिटणीसांच्या जोडीत दासगुप्तांबरोबर एक मराठी बाई होत्या, विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई पाटण्यात राहिल्या, इंग्लंडात लीड्सला शिकल्या, आणि पाटणा व दिल्ली येथील फिल्म सोसायट्यांच्या उभारणीत होत्या. आपल्या मुलखाबाहेर संसार थाटून तिथल्या सांस्कृतिक जीवनात मुळे रोवणाऱ्या मराठी घरांची यादी करायची तर हे नाव वरच्या ओळीत घालावे लागेल. दूरदर्शनवरून पुढे घरोघरी पोचलेला ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपटही त्यांचाच.

योगायोग असा की, राय-सेन वादाच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्या कन्या होत्या. १९६९ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर सेन यांनी हिंदीत ‘भुवन शोम’ काढला. उत्पल दत्त रेल्वेचे कडक अधिकारी, सुहासिनी मुळे सौराष्ट्रातली खेडवळ पोर. चित्रपट गाजला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. नव्या लाटेची सुरुवात इथूनच धरण्याचा प्रघात पडला. १९७१ साली रायनी या नव्या लाटेवर लेख लिहून ‘भुवन शोम’चा सारांश अवघ्या सात इंग्रजी शब्दांत उरकला. मतलब असा, की दुष्ट साहेबाला गावची पोर सुधारते. सेन यांचे उत्तर मला फार आवडते. ते म्हणत, साहेब सुधारत कुठे आहे? तो तर बिघडतो! आणि खरेच, शेवटी शोमसाहेब लाचखोर तिकीट कलेक्टरला शिक्षा न करता मोठ्या जंक्शनवर धाडतात, जिथे वरकमाई जास्त.

याच काळात दोघेही बेकार तरुणांच्या नोकरीच्या मुलाखतीकडे वळले. रायच्या ‘प्रतिद्वंदी’त (१९७०) उमेदवार चंद्रावरच्या स्वारीपेक्षा व्हिएतनामी जनतेची झुंज मोठी मानतो आणि नोकरी गमावतो. सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’त (१९७१) सूट मिळत नाही म्हणून धोतर नेसून गेलेला उमेदवार ती गमावतो. एकाला विचार नडला, दुसऱ्याला कपडा. सोसायट्यांत यावर रात्री जागल्या असतील, यात नवल नाही.

१९७७ साली पुन्हा दोघे एकाच दारी आले, तेही मातृभाषा सोडून. दार प्रेमचंदांचे. राय यांनी हिंदी-उर्दूत ‘शतरंज के खिलाडी’ केला. सेन यांनी ‘कफन’वरून तेलुगूत ‘ओका ऊरी कथा’ केला. एकाने बुद्धिबळात गुंग नवाबी लखनौ गिळंकृत होताना दाखवले, दुसऱ्याने राबायलाच नकार देणारे बापलेक. ‘शतरंज’वर टीका झाली की, वाजिद अली शाहला रायनी नेभळट रंगवले. टीका छापली मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने. तेव्हा जगन्मान्य झालेले राय गप्प बसू शकले असते. १९७८ च्या डिसेंबरअखेरीस त्यांचे सविस्तर पत्र त्याच साप्ताहिकात आले. आपला वाजिद अली तसा नाही, हे त्यांनी ठणकावले, आणि आपण कोणकोणती पुस्तके, दप्तरे व पत्रे चाळली, त्यांची यादीच पुढे ठेवली. नवाबाचे आत्मचरित्र तर त्यात होतेच, पण डलहौसीची पत्रेही होती.